वासोट्याची वाट : एक शिवारफेरी

सातारा जिल्ह्यातील बामणोलीहून सकाळी नाव सुटते आणि शिवसागर जलाशयातून तास-दीड तासाने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी, मेट इंदवलीस पोहोचते. तेथून कोयना अभयारण्यातील पायवाट लागते. वन खात्याची परवानगी आवश्यक असते व मुक्कामास मनाई असल्याने सायंकाळपूर्वी परतावे लागते. बहुतेक लोक ही वाट किल्ल्यासाठी चढतात. शेतकऱ्याने मात्र ती शिवारफेरी समजून चढावी.

नाव ज्या पाण्यावरून जाते, त्याच्या तळाशी शेते आहेत. 1954 साली कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि 1960 नंतरच्या वर्षांत खोऱ्यातील भातखाचरे, गोठे व खळी पाण्याखाली गेली. 1985 साली सभोवतालचे डोंगरउतार अभयारण्य म्हणून जाहीर झाले. 2010 साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. मेट इंदवली आता निर्मनुष्य आहे. येथील रान अनादि काळापासून असेच आहे, असे नवख्या प्रवाशास वाटते. पण या खोऱ्यात माणसे नांदत होती, पिकवीत होती.

अशा उतारांवर पूर्वी झाडोरा तोडून, जाळून नाचणी व वरई पेरीत. जमिनीस पुरेशी विश्रांती मिळे तोवर हे निभावले. विश्रांतीची वर्षे घटली की माती वाहून जाई आणि मुरूम उघडा पडे. कुऱ्हाड, आग व मोकाट चराई थांबली की अशा जमिनीवर प्रथम करवंद व कारवी येते. पुढे अंजनी, जांभूळ, हिरडा मूळ धरतात. सावलीत पालापाचोळा साचतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील धुवाधार पाऊस त्या थरावर पडला म्हणजे पाणी मुरते व माती जागच्या जागी राहते. शेतकऱ्याने वाटेवरील पाचोळा हाताने बाजूस सारून खालची माती चिमटीत घ्यावी आणि ती आपल्या माळावरील मातीशी मनात ताडून पाहावी.

परंतु शेतकरी गेला म्हणूनच वन आले, असा निष्कर्ष काढणे न्याय्य ठरणार नाही. वन आले ते उतारास विश्रांती मिळाली म्हणून. आणि ती विश्रांती गाव उठविल्यावाचूनही देता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी 1990 नंतर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः पाळली, डोंगरावर समपातळी चर खोदले व ते गावातच राहिले.

येथील वनाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. धरणाच्या विजेने राज्य उजळले. पण 2018 साली, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर, प्रकल्पग्रस्तांना कोयनानगर येथे पुनर्वसनासाठी आंदोलन करावे लागले. अभयारण्याच्या सीमेवरील गावांत गवे व रानडुकरे उभ्या पिकात शिरतात, त्याचा भारही शेतकरीच सोसतो. ज्यांच्या त्यागावर राखीव वन उभे आहे त्यांचे देणे चुकविणे आणि पीकनुकसानीची भरपाई वेळेवर देणे, हे वनसंरक्षणाचेच अंग होय.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा सरल्यावर आपल्या गावचे दहा-वीस शेतकरी या वाटेवर आणावेत. चढताना माती दाखवावी, ओढ्याचे पाणी दाखवावे, परतताना जलाशयाखालच्या गावांची हकिगत सांगावी. पीकनुकसानीचा पंचनामा व अर्ज यांचीही माहिती तेथेच द्यावी. गावी परतल्यावर ग्रामसभेत एकच प्रश्न ठेवावा : आपल्या शिवारातील कोणता उतार यंदापासून आपण राखणार? उतार लहान असला तरी चालेल. तो निवडताना ज्यांची गुरे तेथे चरतात त्यांच्या चाऱ्याची सोय आधी ठरवावी. गवत कापून गोठ्यात घालण्याची मुभा ठेवली, तर राखण हे गरिबावरील ओझे होणार नाही. असा एक उतार जरी हिरवा झाला, तरी ती शिवारफेरी सार्थकी लागेल.