आपल्या भिंतीवर आपलें चित्र

बजाजनगरांत विद्यार्थ्यांच्या घरीं जाण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. एक खोली, फार तर दोन. घरमालकानें दिलेला फिकट रंग. एका खिळ्यावर दिनदर्शिका, दुसऱ्यावर दप्तर. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथें व आसपास उभ्या राहिलेल्या इतर कारखान्यांत काम करण्यासाठीं गांवोगांवचीं माणसें येथें येऊन राहिलीं. गांवाकडील भिंत मात्र कोणाला बरोबर आणतां आली नाहीं.

ती भिंत मातीची असे. सणापूर्वीं आई ती पांढऱ्या मातीनें पोतारी, खालीं गेरूचा पट्टा ओढी, नागपंचमीला तिच्यावर नाग काढी. त्या कामाला कोणी कला म्हणत नसे, आणि त्याला पैसेहि पडत नसत. आज त्याच बाईची नात बाजारांतून छापील स्टिकर आणून भिंतीला लावते. वर्षभरानें तो सुटूं लागला म्हणजे त्याच्याबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो, आणि घरमालकाचीं बोलणीं ऐकावीं लागतात तीं वेगळीं.

पैसे जातात याचें दुःख थोडें आहे. आपलें जें रोजचें जिणें आहे तें चित्रांत येण्याच्या योग्यतेचें नाहीं, चित्र म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी सुंदर घराचें, अशी मुलांची समजूत होते, याचें दुःख मोठें आहे.

या समजुतीला मीहि एकदां हातभार लाविला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गाच्या भिंतीसाठीं मीं मुलांस घरून चित्रें करून आणावयास सांगितलें. एका मुलीनें खोक्याच्या पुठ्ठ्यावर गेरूनें आपल्या वडिलांची रात्रपाळीची बस काढली होती. पहांटेची वेळ, आणि खिडक्यांतून डुलक्या घेणारीं माणसें. बस वांकडी होती. मीं ती कोपऱ्यांत लाविली, आणि विकतच्या साच्यानें उमटविलेले वारली नर्तक मध्यभागीं. पुढें पालकसभेस तिचे वडील आले. मधल्या चित्राकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. ते कोपऱ्याशीं जाऊन उभे राहिले आणि “ही आमचीच गाडी, सर,” एवढेंच म्हणाले. त्या दिवसापासून साचे मी वर्गांत घेत नाहीं.

वारली चित्रांविषयीं मला आदर आहे, म्हणूनच हें लिहितों. पालघरकडील वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी काढीत. सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचें पाणी आणि टोंक चघळून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेंच साहित्य. जिव्या सोमा म्हसे यांनीं ही कला लग्नाच्या चौकाबाहेर नेली, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु त्यांनीं काढलें तें त्यांच्या डोळ्यांसमोरचें होतें: भाताचें शेत, मासे धरण्याचें जाळें, तारप्याभोंवतीं नाचणारें गांव. येथें ना भाताचें शेत, ना तारपा. साच्यानें तारपा उमटविणारा मुलगा वारल्यांचा हात उचलतो, डोळा उचलीत नाहीं. आपल्यासमोर वाळूजजवळच्या धाकट्या पंढरपुराची आषाढीची गर्दी आहे, पाळी सुटल्यावरचा दुचाकींचा लोंढा आहे, आणि कांहीं घरांत आजीच्या जुन्या लुगड्याचा कांठ अजून पेटींत आहे. तोच कांठ चित्राभोंवतीं लाविला तर विकतची चौकट कशाला हवी?

रंगांचें म्हणाल तर अजिंठा आपल्या शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरवर आहे. तेथील भिंतींवर मातींत भाताचें तूस व वनस्पतींचे तंतू मिसळून लेप दिलेला असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. रंग पाहावे तर गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी. फार दुरून आला तो निळा. तो अफगाणिस्तानांतल्या दगडाचा. बाकीचें बहुतेक सारें मातींतूनच आलें.

आपणांसहि गेरू पुरे. तो बारीक वाटून वस्त्रगाळ करावा, आणि बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्या पाण्यांत कालवावा. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो. अधिक झाला तर वाळल्यावर तडे जातात, म्हणून आधीं रद्दी कागदावर पाहावें. पांढऱ्यासाठीं शाळेंतले उरलेले खडू कुटावे. खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर असे चिकटवावे कीं एकाच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या येतील, नाहींतर पावसाळ्यांत तो वांकतो. खळ मैद्याची शिजवावी आणि तींत थोडी तुरटी घालावी. चित्र ओल्या भिंतीला टेकूं नये म्हणून मागें पुठ्ठ्याचे दोन जाड तुकडे लावावे. नवा खिळा ठोकूं नये, दिनदर्शिकेचा आहेच.

कांहीं पालक म्हणतात, यांत अभ्यासाचा वेळ जातो. जातो खरा, एका रविवारची दुपार जाते. पाहुणे हंसतील, असेंहि एका माउलीनें मला सांगितलें. हंसूं द्यावे, पाहुणे तासाभरानें जातात.

ती बस वर्षाखेरीस मुलीच्या वडिलांनीं मागून नेली. मागील दिवाळींत त्यांच्या घरीं गेलों तेव्हां दिनदर्शिका दाराआड गेली होती आणि तिच्या खिळ्यावर बस होती. गेरू अजून ताजा दिसतो. खालचा एक कोपरा मात्र बुरशीनें काळा पडला आहे. तुरटीची युक्ति तेव्हां आम्हां कोणासच ठाऊक नव्हती.