‘मैथ’ की ‘बायो’?

मध्य प्रदेशातल्या आमच्या धार जिल्ह्यात करिअरचा सल्ला देणारी सगळ्यांत गजबजलेली जागा म्हणजे ऑनलाइन सेंटर. नालछ्याच्या बाजारात झेरॉक्सच्या मशीनला खेटून एक खुर्ची असते, समोर कॉम्प्युटर, आणि त्यावर बसलेला पंचविशीतला मुलगा. जातीचा दाखला, समग्र आयडी, वीजबिल हे सगळं तोच करतो आणि मे-जूनमध्ये अकरावीचे फॉर्मही तोच भरतो. रांग लांब असते. तो मान वर न करता विचारतो, ‘‘संकाय?’’ म्हणजे शाखा कुठली. मुलगी बापाकडे बघते, बाप मुलीकडे. मागचा माणूस खाकरतो. मग कुणीतरी ‘बायो’ म्हणतं आणि बटण दाबलं जातं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. नियम त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक असतात, कारण चुकलेले फॉर्म निस्तरायचे धंदेही त्याच्याचकडे येतात. प्रश्न असा आहे की एवढं मोठं शिक्षण खातं, एवढ्या शाळा, तरी कुठला विषय घेतला की पुढे कुठलं दार बंद होतं, हे सांगायला दहावीच्या मुलासमोर निवांत बसणारा माणूस त्या रांगेच्या आधी कुठेच भेटत नाही.

नालछ्याजवळ आमचा सोयाबीनचा एक तुकडा आहे. तो बटाईनं करणाऱ्या भिल्ल कुटुंबातली धाकटी यंदा दहावी झाली. घरात दहावी होणारी पहिलीच. गुणपत्रिका घेऊन धारला आली आणि दारातूनच म्हणाली, ‘‘काकी, मैथ लूं के बायो?’’ आमच्याकडे हा प्रश्न असाच विचारतात, जणू जगात दोनच गोष्टी आहेत. कला शाखेचं नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली जातो. कृषी शाखा तर बोर्डाच्या यादीत असूनही बोलण्यात येत नाही, आणि जिल्हा मात्र सगळा सोयाबीन-गव्हावर जगतो.

मी विचारलं, ‘‘तुला व्हायचंय काय?’’

‘‘नर्स.’’

हे उत्तर आलं की काम सोपं होतं, कारण मग उलट्या बाजूनं मोजता येतं. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, सर्वसाधारण गटाला पंचेचाळीस टक्के. जीएनएम हा डिप्लोमा भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानं इतर शाखांच्या मुलींनाही खुला आहे, पण तिथंही इंग्रजी सुटत नाही. आता खरी मेख इथे आहे. अकरावीला एमपी बोर्डात दोन भाषा घ्याव्या लागतात, आणि इंग्रजीची धास्ती घेतलेली मुलं हिंदीच्या जोडीला संस्कृत लिहून मोकळी होतात. टक्के वाढतात, घरात पेढे येतात. दोन वर्षांनी नर्सिंगच्या फॉर्मवर इंग्रजीचा रकाना येतो तेव्हा कळतं की आपण एक भाषा नव्हे, एक नोकरी सोडून दिली होती. डॉक्टर व्हायचं असलं तरी तेच. 2022 मध्ये भोपाळला वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तकं मोठ्या थाटात प्रकाशित झाली, एमबीबीएस हिंदीतून शिकता येईल अशी सोय झाली, चांगलंच झालं. पण त्या वर्गात पोचायला बारावीत इंग्रजी हा विषय हवाच.

धाकटीनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि मग अशी एक गोष्ट सांगितली की माझं सगळं गणित कोलमडलं. तिच्या घरापासून जवळ असलेल्या शाळेत विज्ञान शाखा आहे, फलकावर आहे, पण फिजिक्सचे सर नाहीत. अतिथी शिक्षक कधी येतात, कधी त्यांची मुदत संपते. म्हणजे ‘विषय निवडा’ हे वाक्यच अपुरं आहे. शाळेत ज्या विषयाचा मास्तर आहे तो विषय मूल निवडतं. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं 2020 मध्ये नववी ते बारावीत शाखांच्या भिंती पाडायचं म्हटलं आहे. फिजिक्सबरोबर संगीत, गणिताबरोबर इतिहास. वाचायला फार सुंदर वाटतं. ज्या शाळेत एका शाखेचेच मास्तर पुरत नाहीत तिथं कुठली भिंत पाडायची, हे धोरणात लिहिलेलं नाही. मोठ्या गावांतून सरकारच्या सीएम राइज शाळा झाल्या, 2025 मध्ये त्यांना सांदीपनी हे नाव मिळालं. तिथं मास्तर आहेत, प्रयोगशाळा आहेत. पण तिथवर रोज मुलीला पाठवायचं तर बस हवी, आणि बापाची तयारी हवी.

दुसरी गोष्ट दहावीची, आणि मला वाटतं तिनं आमच्या भागाचं जास्त नुकसान केलं. काही वर्षांपूर्वी बोर्डानं ‘बेस्ट ऑफ फाइव’ आणलं. सहा विषयांपैकी ज्या पाचात जास्त गुण, ते धरायचे. एका विषयात नापास असलात तरी गुणपत्रिकेवर पास. निकाल वाढला, वर्तमानपत्रात मथळे आले. मुलांनी त्यातून सरळ धडा घेतला की एक विषय सोडून द्यायचा. तो विषय कुठला हे सांगायला नकोच, एक तर गणित नाही तर इंग्रजी. मास्तरांनीही सुटकेचा श्वास टाकला असेल.

पुढे काय झालं ते महूच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलांना विचारा. महू ही लष्कराची जुनी छावणी, इथल्या पोरांना फौजेचं वेड. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या भरतीला दहावीत एकूण पंचेचाळीस टक्के तर हवेतच, शिवाय प्रत्येक विषयात तेहतीस. प्रत्येक. छाती भरली, मैदान मारलं, आणि गणिताच्या बारा गुणांनी परत पाठवलं. बोर्डाच्या लेखी तो मुलगा पास होता. पॉलिटेक्निकला जाऊ पाहणाऱ्याचीही हीच गत. पास होणं आणि पुढे जाता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि दुसरीचं वेळापत्रक कुणी छापत नाही. पुढे बोर्डानं ही पद्धत गुंडाळायचं ठरवलं. उशीर झाला, पण ठरवलं.

सवलतींच्या मी विरोधात नाही, हे सांगून टाकते. 2016 मध्ये राज्य मुक्त शाळा मंडळाची ‘रुक जाना नहीं’ नावाची योजना आली, नापास मुलांना राहिलेले विषय पुन्हा देता येऊ लागले. 2025 पासून तर एमपी बोर्डानं पुरवणी परीक्षेच्या जागी दुसरी मुख्य परीक्षाच सुरू केली, पहिल्या वर्षी जूनमध्ये. नापासांनाही आणि गुण वाढवू पाहणाऱ्यांनाही. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचा भगोरिया. ज्या मुलांचं अख्खं घर, मांदळ-ढोल, मामा-मावश्या त्या हाटात असतात त्यांना ‘आज रसायनशास्त्र आहे’ असं सांगणाऱ्यांनी एकदा त्या दिवसांत इकडे यावं. दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या आईबापांची मुलं तर कुणाच्या भरवशावर अभ्यास करतात देव जाणे. त्यांना दुसरी संधी मिळालीच पाहिजे. माझा राग आहे तो विषय नाहीसा करणाऱ्या सवलतीवर.

टक्क्यांचंही एक अर्थशास्त्र आहे. बारावीला पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्या एमपी बोर्डाच्या मुलांना सरकार लॅपटॉपसाठी पंचवीस हजार रुपये देतं. मेधावी विद्यार्थी योजनेत तर उच्च शिक्षणाची फी सरकार भरतं, आणि तिची अट बघण्यासारखी आहे. एमपी बोर्डाला सत्तर टक्के, सीबीएसईला पंच्याऐंशी. धारमधले किती पालक दहावीनंतर मुलाला मोठ्या हौसेनं एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात घालतात! गणवेश बदलतो, फी तिप्पट होते, आणि पंधरा टक्क्यांची पायरी वर चढते ती कुणाच्या लक्षातच येत नाही. मी ही अट सांगितली तेव्हा एका गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती घातली.

न्यू जर्सीत माझी मावसबहीण राहते. तिच्या मुलीच्या हायस्कुलात क्रेडिट मोजतात. चार वर्षांत इंग्रजीचे इतके, गणिताचे इतके, इतिहास, विज्ञान, व्यायामसुद्धा, तेवढे जमले की पदवी. कौन्सिलर नावाची बाई नववीतच मुलीला बोलावून चार वर्षांचा कागद भरून घेते. ऐकताना मला हेवा वाटला. मग बहीण म्हणाली, त्या बाईंकडे शेकडो मुलं आहेत, आम्हीच घरी तक्ता करून भिंतीला लावलाय. म्हणजे तिथंही शेवटी आईच. फरक एवढाच की तिथला नियम शाळेच्या वेबसाइटवर एका पानावर असतो. आमचा नियम पाच खात्यांत विखुरलेला. दहावीचा बोर्डाकडे, नर्सिंगचा परिषदेकडे, फौजेचा फौजेकडे, फीचा आणखी कुणाकडे. आणि तो बदलतोही. बारावीला बायो नसेल तर डॉक्टरकी कायमची बंद, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून दिला तरी चालेल असं म्हटलं. दार किलकिलं झालं. नालछ्यात ही बातमी पोचली का? पोचली असेल तर त्याच झेरॉक्सच्या मशीनपाशी.

धाकटीचं काय ठरलं ते सांगते. तिनं बायो घेतलं, इंग्रजीसकट, धारच्या कन्या शाळेत. राहायला मुलींचं वसतिगृह आहे, त्याचा अर्ज केलाय. फिजिक्सची भीती तिला आहेच. मला तिच्यापेक्षा जास्त आहे. बापानं एकच विचारलं, ‘‘लॅपटॉप का पैसा म्होरे के मिलेगा के छोरी के?’’ खातं मुलीच्या नावानं उघडून ठेवा, म्हटलं.

आता आमच्या मराठी घरांबद्दल थोडं, कारण महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटतं की ही सगळी लांबची गोष्ट आहे. पवारांबरोबर धार-देवासला आलेली घरं पावणेतीनशे-तीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलतात, हिंदी मिसळून का होईना. एमपी बोर्डाच्या दहावीच्या वेळापत्रकात मराठीचा पेपर अजून असतो, गुजराती, पंजाबी, सिंधीच्या पंगतीत, एकाच दिवशी. घेणारी मुलं थोडी, शिकवणारं शाळेत बहुधा कुणी नाही, त्यामुळे संस्कृत घेणं सोयीचं. माझ्या मोठ्या भाच्यानं मराठी घ्यायचं म्हटलं तेव्हा आमची आई इतकी खूश झाली की तिनं पुस्तक येण्याआधीच शिकवणी सुरू केली.

पण त्या मराठीचा पुण्याला इंजिनिअरिंगला जायला काही उपयोग नाही, हे वहिनींना कळलं तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला राज्याच्या कोट्यातून जायचं तर आमच्यासारख्या बाहेरच्या घरांतल्या मुलांची दहावी-बारावी महाराष्ट्रातून व्हायला हवी, आणि शिवाय अधिवासाचा दाखला किंवा जन्म महाराष्ट्रातला. कर्नाटकात अडकलेल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, ती असायलाच हवी. माळव्यातल्या मराठीला अशी तरतूद नाही, आणि मागायला आम्ही सीमेवर नाही, मधोमध आहोत.

मोठ्याचं जमण्यासारखं आहे. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या दाखल्यावर पुणे आहे. आता आठवीत आहे, नववीपासून मामाकडे ठेवायचं चाललंय, म्हणजे आईची शिकवणी बुडाली. धाकट्याच्या वेळी मात्र आम्हीच म्हणालो होतो की इंदूरला काय कमी डॉक्टर आहेत, कशाला एवढ्या लांब जायचं. वहिनी हल्ली जेवताना हे वाक्य आम्हाला आमच्याच आवाजात म्हणून दाखवतात.