विश्लेषण : केबल न जोडता, तेही सौरऊर्जेवर… ई-वाहनांचे चार्जिंग कितपत शक्य?

वाहन जागेवर उभे करायचे, केबल जोडायची नाही आणि बॅटरी चार्ज होणार तीही उन्हापासून मिळालेल्या विजेवर. वायरलेस चार्जिंग आणि सौरऊर्जा या दोन तंत्रज्ञानांची सांगड नेमकी कुठे परवडते?

वायरलेस चार्जिंग कसे होते?

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा याचा पाया. जमिनीवरील पॅडमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह गेला, की वाहनाच्या तळाशी बसवलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मोबाइलच्या वायरलेस चार्जरचे तत्त्वही हेच. मात्र येथे दोन वेटोळ्यांमधील अंतर १० ते २५ सेंटिमीटर असते. अमेरिकेतील ‘एसएई’ संस्थेच्या २०२० मधील मानकात ११ किलोवॉटपर्यंतच्या चार्जिंगची तरतूद आहे.

रस्त्यातूनच वीज मिळेल का?

दक्षिण कोरियातील गुमी शहरात २०१३ मध्ये अशा बस धावल्या. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये २०२३ मध्ये सुमारे ४०० मीटरचा चार्जिंग रस्ता खुला झाला. पण रस्ता खोदून वेटोळी बसवणे खर्चिक आहे. रस्त्यावरच सौर पॅनेल अंथरण्याचा फ्रान्समधील नॉर्मंडीतला २०१६ चा प्रयोग तर फसला. वाहनांच्या भाराने पॅनेल तुटू लागले आणि वीजही अपेक्षेपेक्षा बरीच कमी मिळाली.

मग फायदा कुठे?

वाहनतळावर. ऊन असते तेव्हा कर्मचाऱ्यांची वाहने कार्यालयाबाहेर तासन् तास उभीच असतात. एका मोटारीच्या जागेवर, म्हणजे सुमारे १२ चौरस मीटरच्या छतावर, साधारण अडीच किलोवॉटचे पॅनेल बसतात. महाराष्ट्रातल्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी १० युनिट वीज मिळू शकते. छोटी ई-मोटार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधील गळती वजा केली तरी पन्नासेक किलोमीटरची सोय होते. शहरातल्या रोजच्या ये-जा करण्याला एवढे बहुधा पुरते. पावसाळ्यात मात्र ग्रिडचा आधार घ्यावाच लागतो.

अडचणी कोणत्या?

वाहन पॅडवर नेमके उभे राहिले नाही, तर गळती वाढते. पॅडवर धातूची वस्तू पडली तर ती तापते. त्यामुळे ती ओळखणारे सेन्सर लागतात. खड्डे आणि गतिरोधकांमुळे आपल्याकडे वाहनांचा तळ उंच ठेवावा लागतो. साहजिकच वेटोळ्यांमधील अंतरही वाढते. शिवाय वाहन एका कंपनीचे आणि पॅड दुसऱ्या कंपनीचा असला, तरी दोन्ही जुळायला हवेत.

महत्त्वाचे काय?

केबल गेल्याने सोय वाढते, प्रदूषण कमी होत नाही. देशातील विजेचा मोठा वाटा अजूनही कोळशावर तयार होतो आणि सूर्यास्तानंतर सौरवीज थांबते. म्हणूनच वाहन केबलने चार्ज होते की पॅडने, यापेक्षा ते दिवसा चार्ज होते की रात्री, हा प्रश्न मोठा आहे. वाहनतळावर आधी सौर छत आणि साधे चार्जर आले, तर पॅड नंतरही बसवता येतील.