लिस्टमधली सगळ्यात खालची ओळ

वाईन लिस्ट हातात आली की आपण आधी काय वाचतो? खोटं नको बोलू या... उजवीकडचे आकडे! मग सगळ्यात स्वस्त वाईन मागायची लाज वाटते, म्हणून तिच्या वरची मागवतो. दुसरी स्वस्त. मीही कित्येक वर्षं हाच फंडा वापरला. नान्तमध्ये मात्र माझा पार पोपट झाला.

नान्त म्हणजे लुआर नदी अटलांटिकला मिळते त्याच्या जरा अलीकडचं शहर. माझी मावसबहीण तिथे नोकरीला होती. दुपारी ती मला कालवं खायला घेऊन गेली. लिस्टमध्ये सगळ्यात खाली होती म्युस्कादे. मला वाटलं, ही गोड मस्कॅटचीच कुणीतरी नातेवाईक. शिवाय इतकी स्वस्त! मी ऐटीत ओकच्या पिंपात मुरलेली शार्दोने मागवली. कालवं आली, लिंबू पिळलं, वर एक घोट घेतला आणि तोंडात लोणी, लाकूड आणि समुद्र यांची मारामारी सुरू झाली.

ताईने काही न बोलता तिचा ग्लास पुढे सरकवला. म्युस्कादे! थंड, कोरडी, लिंबासारखी चटकन लागणारी, किंचित खारट. कालव आणि वाईन, दोन्हींची चव एकदम मोठी झाली.

"अगं, ही गोड कुठेय?" मी.

"तुला कोण म्हणालं गोड आहे?" ताई.

तर, मस्कॅटशी हिचं काहीच नातं नाही. द्राक्षाचं नाव मेलाँ द बुर्गोन्य, मूळचं बरगंडीचं. १७०९च्या भयंकर हिवाळ्यात नान्तच्या आसपासचे द्राक्षमळे गोठून मेले. त्यानंतर थंडी सोसणारं हे द्राक्ष तिथे पसरलं. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला साधी, आंबट वाईन हवीच होती.

म्हणजे हे द्राक्ष तसं मुखदुर्बळच. त्याला बोलतं करण्याची युक्ती लेबलवर दोन शब्दांत लिहिलेली असते : 'स्युर ली'. द्राक्षरस आंबून झाला की यीस्टचा गाळ तळाशी बसतो. एरवी वाईन त्यावरून काढून घेतात. इथे ती अख्खा हिवाळा त्याच गाळावर ठेवतात आणि मार्च उजाडल्याशिवाय बाटलीत भरत नाहीत. त्यातून ताज्या पावाची हलकी चव आणि जिभेवर बारीकशी चुणचुण येते. बाटली घेताना हे दोन शब्द शोधाच.

कालवांबरोबर राय ब्रेड आणि खारं लोणी हवं. वाईनमध्येच शिजवलेले शिंपले, भाजलेले सार्डिन हेही मस्त. नान्तचा खास सॉस म्हणजे 'बर ब्लाँ' : बारीक कांदा, व्हिनेगर आणि भरपूर लोणी, नदीतल्या माशावर. त्याच्यासोबत क्लिसाँ किंवा गोर्ज या गावांची म्युस्कादे घ्या. २०११पासून ही नावं लेबलवर लिहायला परवानगी आहे. ही वाईन गाळावर दोन-दोन वर्षं असते, त्यामुळे लोण्याला पुरून उरते. आपल्या मालवणी कालवणाबरोबर मात्र नको, बिचारी बुडून जाईल. रवा लावून तळलेले बोंबील आणि लिंबू? त्याला माझी हरकत नाही. फक्त बाटली फ्रीजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

मग एवढी स्वस्त का? मीही ताईला हेच विचारलं. मागणी जोरात होती तेव्हा खूप पाणचट माल विकला गेला आणि नाव खराब झालं. १९९१च्या एप्रिलमध्ये हिमदवाने पीक जाळलं. पुढे भाव इतके पडले, की कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. कालवांच्या दुसऱ्या प्लेटपर्यंत मी 'काय मस्त डील आहे यार' म्हणत होते. हे ऐकल्यावर गप्प बसले.

दुसरी बाटली मागवली ती क्लिसाँची, लिस्टमध्ये चार ओळी वरची. बिल ताईने दिलं, माझ्या न संपलेल्या शार्दोनेसकट.