शिवारातले तण आणि धोरणातले रान

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की शहरी वाचकाचे लक्ष बियाण्यांचा तुटवडा, खतांचे भाव आणि पेरणीचे आकडे यांकडे वळते. पेरणीनंतरच्या सहा-आठ आठवड्यांत शेतात जी खरी झुंज चालते, ती मात्र बातमीचा विषय होत नाही. ही झुंज तणाशी असते. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील दहा प्रमुख पिकांत केवळ तणामुळे होणारे नुकसान सुमारे ११ अब्ज डॉलरच्या घरात जाते. सोयाबीनचे सुमारे ३१ टक्के, तर ज्वारी आणि मक्याचे सुमारे २५ टक्के उत्पन्न तण खाऊन टाकते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रात कापूस सुमारे ४० लाख आणि सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरवर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचा आवाका लक्षात येतो.

ओळीत घेतल्या जाणाऱ्या पिकांत तणाचा बंदोबस्त करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. दोन ओळींमधले तण बैलजोडीच्या डवऱ्याने किंवा कोळप्याने काढायचे आणि ओळीतल्या रोपांना खेटून वाढलेले तण बायकांनी खुरप्याने निंदायचे. या व्यवस्थेचे दोन्ही आधार आता खचले आहेत. बैलजोडी पाळणे लहान शेतकऱ्याला परवडेनासे झाले. निंदणीची गरज साऱ्या गावाला एकाच पंधरवड्यात पडते आणि तेव्हाच मजूर मिळत नाहीत. त्यात झड लागली तर वाफसा येत नाही. डवरा चालत नाही, खुरपे चालत नाही आणि तण मात्र वाढत राहते. अशा वेळी पाठीवरच्या पंपात औषध घालून एका दिवसात एकर-दोन एकर उरकण्याचा मार्ग शेतकऱ्याने धरला, तर त्याला दोष देता येणार नाही.

तणनाशके सर्व एकाच जातीची नसतात. काही निवडक काम करतात. पेरणीनंतर, तण उगवण्यापूर्वी मारायचे पेंडिमेथॅलिन, सोयाबीनमधील इमॅझेथापायर, मक्यातील अॅट्राझिन, कपाशीत रुंद पानांच्या तणासाठी पायरीथायोबॅक सोडियम आणि गवतवर्गीय तणासाठी क्विझालोफॉप ही त्यांची उदाहरणे. यांच्या वापराला शिस्त लागते. जमिनीत ओल हवी, तण दोन-चार पानांचे असताना फवारणी हवी, मात्रा नेमकी हवी. ग्लायफोसेटचे तसे नाही. वनस्पतींना आवश्यक असलेली अमिनो आम्ले तयार करणारे एक विकर ते बंद पाडते आणि त्यामुळे हिरवे दिसेल ते वाळते. हराळी आणि लव्हाळ्यासारखे चिवट तणही त्यापुढे नमते. अडचण इतकीच की पीकही त्यातून सुटत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी ग्लायफोसेट सहन करणारे जनुकीय परिवर्तित बियाणे अमेरिकेत आले. १९९६ मध्ये सोयाबीनचे आणि त्याच्या पुढच्या वर्षी कापसाचे.

भारतात बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक-सहनशील कापसाचा अर्ज मात्र २०१६ मध्ये संबंधित कंपनीनेच मागे घेतला. मान्यतेची प्रक्रिया तिथे थांबली. बियाणे थांबले नाही. पुढच्याच वर्षी हे वाण अनेक राज्यांत चोरवाटेने पसरल्याचे उघड झाले आणि केंद्राला त्यासाठी समिती नेमावी लागली. महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण आणि आंध्र प्रदेशात सुमारे १५ टक्के क्षेत्रावर हा कापूस असल्याचा अंदाज त्या वेळी पुढे आला. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे या बियाण्याची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली. अशा पेरणीसाठी पर्यावरण संरक्षण कायद्यात त्या वेळी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. तरीही शेतकरी उघडपणे पुढे आले, यातच निंदणीच्या खर्चाने त्यांना किती जेरीस आणले आहे ते दिसते.

परंतु चोरवाटेने येणाऱ्या तंत्रज्ञानाला पावती नसते. पाकिटातले बियाणे खरोखर तणनाशक सहन करणारे आहे की नाही, हे शेतकऱ्याला फवारणीनंतरच कळते. पीक करपले तर दाद कोणाकडे मागायची? बिल नाही, लॉट क्रमांक नाही, पंचनामा करायला कृषी अधिकाऱ्याला बोलावले तर प्रथम शेतकरीच गुन्हेगार ठरायचा. म्हणजे बंदीने बियाणे रोखले गेले नाही. शेतकऱ्याला असलेले ग्राहकाचे संरक्षण तेवढे गेले.

या तंत्रज्ञानाच्या समर्थकांनीही अमेरिकेतील अनुभव नजरेआड करू नये. एकाच रसायनावर वर्षानुवर्षे विसंबल्याने २००४-०५ मध्ये जॉर्जिया राज्यातील कपाशीत ग्लायफोसेटला न जुमानणारे पामर अमरंथ आढळले. आपल्याकडच्या राजगिऱ्याच्या आणि माठाच्याच कुळातले हे तण एका रोपापासून लाखो बिया टाकते. काही वर्षांतच ते कापूस पट्ट्यात पसरले आणि यंत्रांनी शेती करणाऱ्या त्या देशात शेतकऱ्यांना पुन्हा मजूर लावून हाताने तण उपटावे लागले. त्यावर उतारा म्हणून डायकांबा हे जुने रसायन सहन करणारे वाण आले. २०१७ मध्ये डायकांबाचे फवारे वाऱ्याने शेजारच्या शेतांत जाऊन लाखो एकरांवरील सोयाबीन आकसले. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध उभा राहिला. उभ्या पिकावरील डायकांबाची परवानगी न्यायालयांनी २०२० आणि पुन्हा २०२४ मध्ये रद्द केली. आपल्याकडे तर एका बांधावर कपाशी आणि पलीकडे भाजीपाला, अशी लहान तुकड्यांची शेती आहे. उडालेल्या फवाऱ्याची किंमत येथे अधिक जबर असेल.

असा धडा घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पंजाब-हरियाणातील गव्हात ‘गुल्ली डंडा’ या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच ते निष्प्रभ ठरले आणि नवनव्या औषधांमागे धावण्याची पाळी आली. तणही शिकते, त्याला एकच धडा पुन्हा पुन्हा दिला तर लवकर शिकते.

आरोग्याच्या प्रश्नावर दोन टोकांची मते आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. अमेरिका आणि युरोपातील नियामक संस्थांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते प्रकरण कीटकनाशकांचे होते, तणनाशकांचे नव्हे. पण गळका पंप, उघडे हात, मुखवट्याचा अभाव आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून केलेली औषधांची भेसळ या परिस्थितीला कोणते औषध पंपात आहे याने फरक पडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी, असा आदेश काढला. शहरातल्या सोसायटीत झुरळांचा बंदोबस्त करणाऱ्या मंडळींसाठी योजलेली ही व्यवस्था. गावोगावच्या कपाशीसाठी असे व्यावसायिक कोठून येणार, याचे उत्तर आदेशात नव्हते.

या साऱ्या वादात एक पक्ष गैरहजर असतो आणि तो म्हणजे निंदणी करणारी बाई. खरीपातील तिच्या रोजगाराचे मोठे दिवस निंदणी आणि वेचणीचे. पंप पाठीवर आला की ते काम बहुधा पुरुषाकडे जाते आणि तिचे दिवस बुडतात. निंदताना घरी येणारी तांदुळजा, घोळ, कुंजरू यांसारखी रानभाजी आणि शेळीचा चाराही त्याबरोबर जातो. आणखी एक नुकसान पिकाच्या रचनेत होते. विदर्भात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याची जुनी चाल आहे. कापूस बुडाला तर तूर तारते आणि घरात डाळ येते. ग्लायफोसेट मारलेल्या रानात ही तूर टिकत नाही. म्हणजे निंदणीचा खर्च वाचवताना कोरडवाहू शेतकरी स्वतःचा विमाच मोडीत काढतो.

असे असले तरी तणनाशक म्हणजे केवळ विनाश, ही शहरी समजूतही अपुरी आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे ‘एसआरटी’ तंत्र किंवा कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी मांडलेली विनानांगरणीची शेती यांत तणनाशकाचा उपयोग जमीन न उलथता तण जागीच मारण्यासाठी होतो. त्याची मुळे जमिनीत कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो आणि धूप कमी होते. तेच रसायन एका हाती जमीन राखते आणि दुसऱ्या हाती रान ओसाड करते. फरक वापरामागच्या विचाराचा आणि प्रशिक्षणाचा आहे.

म्हणूनच धोरणाने बंदी आणि मोकळीक या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणे सोडले पाहिजे. तणनाशक-सहनशील वाणांचा निर्णय होकारार्थी असो वा नकारार्थी, तो चाचण्यांच्या आधारे, जाहीरपणे आणि वेळेत व्हावा. फवारणीचे प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांचे, आणि विशेषतः स्त्रियांचे, गट गावपातळीवर उभे राहिले तर सुरक्षितता आणि रोजगार दोन्ही साधतील. छोट्या ट्रॅक्टरवर वा मोटारीवर चालणारे कोळपे भाड्याने मिळाले, पिकांची फेरपालट झाली आणि औषधांचे गट आलटून पालटून वापरले गेले, तर रसायनाचा वापर घटेल आणि त्याची धारही टिकेल. या प्रत्येक गोष्टीसाठी कृषी विस्तार यंत्रणा बांधावर दिसावी लागते. आज शेतकऱ्याचा सल्लागार त्याला औषध विकणारा दुकानदारच आहे. ही स्थिती बदलत नाही तोवर शिवारातले तण एका फवाऱ्याने वाळेल. धोरणातले रान मात्र तसेच माजत राहील.