अर्धा कोयता

जनगणनेत स्थलांतरित स्त्रीपुढे बहुधा ‘विवाह’ हेच कारण नोंदलेले असते. तिचे श्रम त्या रकान्यात मावत नाहीत. बीडच्या ऊसतोडीत मात्र विवाह हीच भरती: मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. पैसे नवऱ्याच्या हाती. खाडा झाला की दंड, मग पाळीही परवडत नाही. चाळिशीआधीच गर्भाशय काढलेल्या या स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आला. अहवाल त्यास आरोग्याचा प्रश्न म्हणतात. आम्हांस तो भाषेचाही वाटतो. ग्रामीण साहित्यावर प्रबंध (थोडे का झाले!) लिहिताना आम्ही ‘कोयता’ शब्दाचा अर्थ ‘अवजार’ एवढाच देत आलो.