केसपेपरवर खरे कारण लिहा

नवऱ्याच्या मारहाणीने हात मोडलेली बाई सरकारी दवाखान्यात येते आणि प्लास्टर घालून परत जाते. केसपेपरवर नोंद होते, ‘पडल्यामुळे दुखापत’. सासू शेजारी उभी असताना ती दुसरे काय सांगणार? म्हणून डॉक्टरांनी, नर्सने तिला एकटीला बाजूला घेऊन विचारले पाहिजे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहिले पाहिजे. हाच कागद उद्या कोर्टात तिच्या बाजूने बोलतो.

हे अशक्य नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र वीस वर्षांहून अधिक काळ उपचारांसोबत समुपदेशन देत आले आहे. मग तालुक्याच्या रुग्णालयात हे का नाही?

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार पीडितेने मागितल्यास वैद्यकीय मदत देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. बलात्कारपीडितेला तर खासगी रुग्णालयानेही ताबडतोब मोफत उपचार द्यायचे आहेत. नकार देणे गुन्हा आहे.

भगिनींनो, केसपेपर हातात आला की त्यावर काय लिहिले आहे ते वाचा किंवा वाचून घ्या. चुकीचे असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. तो तुमचा हक्क आहे.